परमपूज्य बाबासाहेब आणि रुपयाचा कायदा

आपल्या स्मरणिकेच्या प्रत्येक अंकात परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रातील एखादा भाग वाचकांपुढे ठेवण्याचा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, पुणे करार, भारताची राज्यघटना आणि नागपूरची धम्मदीक्षा या गोष्टी आता आपल्या घरातील शाळकरी मुलांनाही मुखोद्गत आहेत. परंतु बाबासाहेबांनी आपल्या तारुण्यातील ऐन उमेदीची वर्षे ज्या विषयाच्या अभ्यासात घालविली, तो विषय म्हणजे रुपया, आपल्या घरांत फारसा कोणी बोलत नाही. जे बोलले जाते त्यातही सत्य किती आणि ऐकीव किती, याचा निवाडा करण्याची वेळ आली आहे असे आम्हास वाटते. म्हणून यंदा त्या विषयाला अनुसरून बाबासाहेबांचे चरित्र सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

बाबासाहेबांचे मूळ गाव आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे, हे आपण सारे अभिमानाने सांगतो. घराण्याचे आडनाव सकपाळ. आजोबा मालोजी आणि वडील रामजी हे दोघेही पलटणीत चाकरी केलेले. सुभेदार रामजींनी लष्करी शाळेत मुख्याध्यापकाचे काम केले होते. त्यांची पलटण महू येथे असताना १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. पुढे सुभेदार निवृत्त होऊन काही काळ दापोलीस येऊन राहिले. दापोली हे त्या काळी लष्करातून निवृत्त झालेल्या पेन्शनरांचे ठिकाण होते. भीमरावांच्या शिक्षणाचा श्रीगणेशा तेथेच झाला. तेथून कुटुंब साताऱ्यास गेले व साताऱ्यासच मातोश्री भीमाबाई यांचे निधन झाले. पत्नी रमाबाई याही आपल्याच जिल्ह्यातल्या. दापोलीजवळचे वणंद हे त्यांचे माहेर. त्यांचे वडील दाभोळ बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहून पोट भरीत.

दरमहा ठरावीक पेन्शन, पदरी मुलेबाळे आणि बाजारात वस्तूंचे चढते भाव, ही त्या काळच्या पेन्शनर घरांची स्थिती होती. अशा घरात वाढलेल्या मुलाला रुपया म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. रुपयांची संख्या तीच राहिली आणि त्याची खरेदीशक्ती घटली, की घरातील भाकरी लहान होते. बाबासाहेबांनी पुढे मोठ्या विद्वत्तेने जो सिद्धांत मांडला, त्याचा हा साधा गाभा आपल्या आयाबहिणींना सहज उमजेल असा आहे.

योगायोग असा की, बाबासाहेब अवघे दोन वर्षांचे असताना हिंदुस्थानच्या चलनात फार मोठी उलथापालथ झाली. ती समजल्यावाचून त्यांच्या ग्रंथाचे मर्म समजणार नाही, म्हणून ती थोडक्यात सांगतो. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने आपल्या सर्व मुलखासाठी १८० ग्रेन वजनाचा, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असलेला एकच रुपया ठरविला. १८५३ च्या आरंभापासून सरकारी खजिन्यात सोन्याची नाणी स्वीकारणे बंद झाले. १८६१ मध्ये कागदी चलनाचा कायदा होऊन सरकारी नोटा निघू लागल्या. तरीही मुख्य चलन चांदीचेच होते. चांदी घेऊन कोणीही टाकसाळीत जावे, थोडी मजुरी द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी मोकळीक होती.

१८७३ नंतर जगात चांदीचे मोल घसरू लागले. पूर्वी एका रुपयास सुमारे दोन शिलिंग मिळत. ते घटत घटत १८९३ च्या सुमारास सव्वा शिलिंगाच्या आसपास आले. विलायतेस दरसाल सोन्यात रकमा पाठविणाऱ्या सरकारची त्यामुळे ओढाताण होऊ लागली. तेव्हा २६ जून १८९३ रोजी कायदा करून सरकारने मुंबई व कलकत्ता येथील टाकसाळी लोकांना बंद केल्या. रुपया तोच राहिला, पण त्याचा धर्म पालटला. आता त्याचे मोल त्याच्या अंगच्या चांदीवर नव्हे, तर सरकार किती रुपये पाडते यावर ठरू लागले. गरिबाच्या घरी अडीअडचणीसाठी ठेवलेले चांदीचे कडे किंवा गोठ पूर्वी वजनाबरहुकूम रुपयांच्या तोलाचे होते. या कायद्यानंतर ते रुपयाच्या मानाने हलके ठरले.

टाकसाळीचे दार लोकांना बंद झाले, परंतु सरकारला उघडे राहिले. १८९९ मध्ये पौंड हे सोन्याचे नाणे पंधरा रुपयांच्या दराने कायदेशीर चलन ठरले, आणि १९०० पासून सरकारने स्वतः मोठ्या प्रमाणावर रुपये पाडण्यास आरंभ केला. किती पाडावेत, केव्हा पाडावेत, केव्हा थांबावे, याला कायद्याची मर्यादा नव्हती. या पद्धतीला सुवर्ण विनिमय परिमाण असे नाव मिळाले, आणि जॉन मेनार्ड केन्स यांच्यासारख्या जगद्विख्यात अर्थशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये ग्रंथ लिहून तिची वाखाणणी केली. केन्सचा शब्द म्हणजे अर्थशास्त्रात अखेरचा शब्द असे मानणारे लोक थोडे नव्हते. त्या शब्दाला आव्हान देण्यास पुढे आला तो आंबडव्याचा, सुभेदाराचा मुलगा.

ही योग्यता त्यांनी कशी संपादिली, ते आपल्या विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे. १९०७ मध्ये मॅट्रिक, १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए., आणि १९१३ मध्ये बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठ, असा त्यांचा प्रवास झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत सुभेदार रामजी निवर्तले. कोलंबियात प्राध्यापक सेलिग्मन यांच्या हाताखाली अर्थशास्त्राचा कसून अभ्यास करून १९१६ मध्ये ते लंडनला गेले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन अशा दोन्ही ठिकाणी त्यांनी प्रवेश घेतला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अर्ध्यावरून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. वेगळ्या जहाजाने पाठविलेले त्यांचे सामान, त्यात जमविलेली ग्रंथसंपदा, जहाजाबरोबर समुद्रात बुडाली.

दुसरा कोणी असता तर तेथेच थांबला असता. बाबासाहेबांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली, पगारातून पैसा शिल्लक टाकला, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य व नवल भथेना या पारशी स्नेह्याकडून कर्ज घेतले, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. इकडे परळच्या चाळीत रमाबाई तुटपुंज्या पैशांत संसार रेटीत होत्या. १९२१ मध्ये त्यांना एम. एस्सी. ही पदवी मिळाली, आणि १९२२ च्या अखेरीस डी. एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी विद्यापीठास सादर केला.

हा प्रबंध पहिल्या खेपेस स्वीकारला गेला नाही. परीक्षकांनी तो फेरफारासाठी परत केला. पैसा संपत आल्यामुळे बाबासाहेब १९२३ च्या एप्रिलात मुंबईस परत आले होते. त्यांनी मांडणीत आवश्यक ते बदल केले, निष्कर्ष मात्र बदलले नाहीत, आणि प्रबंध पुन्हा लंडनला पाठविला. या वेळी तो मान्य झाला. १९२३ च्या डिसेंबरात लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, आणि तीत आपले काही मतभेदही मोकळेपणाने नोंदविले. ग्रंथ बाबासाहेबांनी आपल्या मातापित्यांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. मुलाच्या शिक्षणासाठी त्यांनी जो त्याग केला व जी दृष्टी दाखविली, तिचे ऋण त्यांनी तेथे मान्य केले आहे. रुपयावरील क्लिष्ट ग्रंथाच्या पहिल्याच पानावर सुभेदार रामजी व भीमाबाई यांचे असे स्मरण व्हावे, यात आम्हास फार मोठा अर्थ दिसतो.

ग्रंथाचे सार आम्ही आमच्या अल्पमतीप्रमाणे असे सांगू. देशातील वस्तूंचे भाव स्थिर राहणे हे, परदेशी नाण्याशी हुंडणावळीचा दर स्थिर राहण्यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. कारण हुंडणावळीशी थोड्या व्यापाऱ्यांचा संबंध येतो, भावांशी मात्र प्रत्येक चुलीचा संबंध येतो. भाव स्थिर राहावेत तर चलनाच्या पुरवठ्याला मर्यादा हवी. ती मर्यादा अधिकाऱ्यांच्या शहाणपणावर सोपवून भागत नाही, कारण अधिकारी बदलतात, त्यांच्या गरजा बदलतात आणि मोहही आवरत नाही. म्हणून टाकसाळीचे दार जसे लोकांना बंद केले तसे ते सरकारलाही बंद करावे. रुपयांची संख्या निश्चित ठेवावी. सोन्याची नाणी पाडण्यास मोकळीक द्यावी. सोन्याचे नाणे व रुपया यांचे प्रमाण ठरवून दोन्ही कायदेशीर चलन म्हणून चालू ठेवावीत. पण एकाच्या मोबदल्यात दुसरे देण्याची हमी सरकारने घेऊ नये. मर्यादा सरकारच्या इच्छेत नसावी, व्यवस्थेतच असावी, हा त्या साऱ्या मांडणीचा कणा आहे.

१९२५ मध्ये हिंदी चलनाच्या चौकशीसाठी हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग आला, तेव्हा त्याच्यापुढे बाबासाहेबांनी लेखी निवेदन सादर केले आणि डिसेंबरात प्रत्यक्ष साक्ष दिली. त्या वेळी त्यांचे वय ३४ वर्षांचे होते. मुंबई उच्च न्यायालयातील त्यांची वकिली नुकतीच सुरू झालेली होती व अस्पृश्यतेमुळे तीत अडथळे होते. अशा माणसास साम्राज्याच्या तज्ज्ञांनी प्रश्नामागून प्रश्न विचारावेत आणि त्याने ठामपणे उत्तरे द्यावीत, हा प्रसंग आपल्या समाजाच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिण्याजोगा आहे.

मात्र येथे सत्य झाकून ठेवणे आम्हास उचित वाटत नाही. आयोगाने १९२६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा बाबासाहेबांचा मुख्य उपाय त्याने स्वीकारला नाही. सोन्याच्या नाण्यांऐवजी सोन्याच्या लगडींवर आधारलेली पद्धत त्याने सुचविली. १९२७ च्या चलन कायद्याने रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे पौंडास १३ रुपये ५ आणे ४ पै असा ठरला. मध्यवर्ती बँक असावी ही शिफारस त्याच अहवालात होती, आणि १९३४ चा कायदा होऊन १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक स्थापन झाली. या साऱ्या चर्चेत बाबासाहेबांच्या ग्रंथाचा व साक्षीचा मानाचा वाटा आहे, यात संशय नाही. परंतु रिझर्व्ह बँकेचा कायदा त्यांच्या ग्रंथावरून जसाच्या तसा उतरविला असे जे सभांतून सांगितले जाते, ते बरोबर नव्हे. बाबासाहेबांना मोठे करण्यासाठी अतिशयोक्तीची गरज नाही. ज्या माणसाचा उपाय राज्यकर्त्यांनी नाकारला, आणि तरी ज्याचा प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा न्यायालयात उभा राहिला, तो माणूस मुळातच मोठा आहे.

१९२७ च्या मार्चात दिल्लीच्या कायदेमंडळात रुपयाच्या दरावर वाद रंगत होता, आणि त्याच महिन्याच्या २० तारखेस बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याची ओंजळ भरत होते. वरवर पाहता या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. पण दोहोंच्या मुळाशी एकच विचार होता, की सत्ता कोणाचीही असो, ती नियमाने बांधलेली पाहिजे. तळ्याचा दावा दहा वर्षे चालला आणि १९३७ च्या मार्चात मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी सप्टेंबरात बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक आणले. खोताची मर्जी हाच कायदा, ही स्थिती कोकणातील कुळांनी पिढ्यानपिढ्या सोसली होती. १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला. खोती रद्द करणारा कायदा पुढे स्वराज्यात झाला. मर्जीच्या जागी नियम यावा, ही धडपड रुपयाच्या ग्रंथातही आहे आणि खोतीच्या विधेयकातही आहे.

स्वतंत्र भारताची राज्यघटना तयार करणाऱ्या मसुदा समितीचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे आले. चलन, नाणी व कायदेशीर चलन हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत संघसूचीच्या ३६ व्या नोंदीत आहे. म्हणजे त्यावर कायदा करण्याचा अधिकार संसदेचा आहे. कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसविता येणार नाही, असे २६५ व्या अनुच्छेदात आहे. मूलभूत हक्कांवर घाला आला असता नागरिकास थेट सर्वोच्च न्यायालयात जाता यावे यासाठी ३२ वा अनुच्छेद आहे, आणि त्यासच बाबासाहेबांनी घटनेचा प्राण मानले होते. १९४७ मध्ये त्यांनी रुपयावरील ग्रंथाची नवी आवृत्ती हिंदी चलन व बँकिंगच्या इतिहासाचा पहिला खंड म्हणून काढली. १९२३ नंतरचा काळ दुसऱ्या खंडात घेण्याचा त्यांचा मानस होता. तो खंड लिहिण्यास त्यांना अवसर मिळाला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेऊन ६ डिसेंबरास त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चार महिन्यांनी, १ एप्रिल १९५७ पासून, सोळा आणे व चौसष्ट पैशांचा रुपया जाऊन शंभर नव्या पैशांचा रुपया आला. रुपयाचा एवढा मोठा अभ्यासक तो बदल पाहण्यास उरला नव्हता.

परंतु त्यांनी घटनेत ठेवलेले दार पुढे चलनाच्या प्रश्नासाठीही उघडले गेले. १९७८ च्या जानेवारीत सरकारने वटहुकूम काढून एक हजार, पाच हजार व दहा हजारांच्या नोटा रद्द केल्या आणि मागाहून संसदेने तसा कायदा केला. त्याला आव्हान देण्यात आले. नोट म्हणजे सरकारने मान्य केलेले देणे आहे, ते असे बुडविता येणार नाही, असा अर्जदारांचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तो अमान्य करून कायदा वैध ठरविला.

नंतर ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आली. पाचशे व हजाराच्या जुन्या नोटा रद्द झाल्या आणि पाचशे व दोन हजाराच्या नव्या नोटा आल्या. त्या दिवसांतील बँकांपुढच्या रांगा, डब्यात राखून ठेवलेले पैसे बाहेर काढताना आपल्या माताभगिनींची झालेली घालमेल, गावी पैसे पाठविणाऱ्या मुंबईकरांची तारांबळ, हे सारे आपल्या स्मरणात आहे. या वेळी वटहुकूम नव्हता, संसदेचा कायदाही नव्हता. रिझर्व्ह बँक कायद्याच्या २६ व्या कलमाखाली राजपत्रातील अधिसूचनेने हे घडले होते. अनेक अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ जानेवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने अधिसूचना वैध ठरविली. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती भूषण गवई यांनी लिहिला. बाबासाहेबांच्या चळवळीतील नेते रा. सू. गवई यांचे हे चिरंजीव पुढे २०२५ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले. वेगळे मत न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी दिले. असा निर्णय सरकारकडून सुरू झाला असेल तर १९४६ व १९७८ प्रमाणे तो वटहुकूम किंवा कायदा करूनच अमलात यावयास हवा होता, असे त्यांचे म्हणणे होते.

बहुमताचा निकाल हाच देशाचा कायदा आहे आणि तो आपणास शिरोधार्य आहे. बाबासाहेब असते तर ते कोणत्या बाजूस उभे राहिले असते, हे सांगण्याचा अधिकार आम्ही स्वतःकडे घेत नाही. १८९३ चा प्रश्न नवे रुपये किती पाडावेत हा होता, २०१६ चा प्रश्न जुन्या नोटा कशा रद्द कराव्यात हा होता; दोन्ही एकच नव्हेत. परंतु लोकांच्या हातातील पैशावर सत्ता कोणाची, आणि ती सत्ता कोणत्या नियमाने बांधलेली, हा मूळ प्रश्न बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात विचारला होता, आणि तोच घटनापीठापुढे पुन्हा विचारला गेला.

नोटा रद्द झाल्या त्या दिवसांत आणखी एक गोष्ट तोंडोतोंडी पसरली. दर दहा वर्षांनी देशाचे चलन बदलावे असे बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे, असे पुष्कळ जण सांगू लागले. आपल्यापैकीही काहींनी ते मोठ्या अभिमानाने पुढे पाठविले. आम्ही मुद्दाम तो ग्रंथ उघडून पाहिला. त्यात असे विधान आम्हास आढळले नाही. उलट, चलनात वारंवार हात घालण्याची मुभा राज्यकर्त्यांना नसावी, हाच त्या ग्रंथाचा सूर आहे. ज्याने परीक्षकांच्या आक्षेपांपुढे निष्कर्ष बदलला नाही, त्याच्या नावावर त्याने न मांडलेला निष्कर्ष आपणच चिकटवावा, हा त्या थोर पुरुषाचा अवमान होय. मग तो भक्तीपोटी का होईना.

समाजबांधवहो, आपल्या प्रत्येक घरात बाबासाहेबांची तसबीर आहे. त्या तसबिरीत त्यांच्या हाती ग्रंथ आहे. पण तो ग्रंथ कितीजणांच्या घरी आहे, याचा विचार आपण करावा अशी आमची नम्र सूचना आहे. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या समग्र लेखनाच्या सहाव्या खंडात रुपयाच्या प्रश्नावरील हा ग्रंथ समाविष्ट आहे. आपल्या समाजातील जी मुले आज वाणिज्य व कायद्याचे शिक्षण घेत आहेत, त्यांनी तरी तो समजून घ्यावा आणि सुट्टीत गावी आल्यावर आपल्या आजीआजोबांना सोप्या भाषेत सांगावा. दापोलीच्या शाळेत धुळाक्षरे गिरविलेल्या मुलाने लंडनमध्ये जाऊन जे लिहिले, ते शंभर वर्षांनी का होईना, आंबडव्याच्या परिसरातील घराघरांत वाचले जावे. त्यांच्या स्मृतीस यापेक्षा उचित अभिवादन आम्हास सुचत नाही.

जयभीम.